दोर धरणारा

(अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या, पूर-बचाव शिकवणाऱ्या स्वयंसेवक शिबिरातलं पहिल्या दिवसाचं बोलणं, थोडं नीट करून.)

सकाळी नावनोंदणी चालली होती तेव्हा मी एकच प्रश्न विचारत होतो, पोहता येतं का? बहुतेकांनी छाती पुढे काढून हो म्हटलं. दोघं-तिघं मान खाली घालून म्हणाले, नाही येत दादा, आम्ही परत जाऊ का? अजिबात जायचं नाही. आज मला जे सांगायचं आहे ते आधी तुमच्यासाठीच आहे.

वीस-बावीस वर्षांचा असताना मी आमच्या नाल्याच्या फरशी पुलावर उभा होतो. सातपुड्याकडे पाऊस झालेला, पुलावरून गुडघ्याच्या वर पाणी. एक शेतकरी बैल सोडवायला गेला आणि पलीकडे बाभळीला अडकला. आमच्यातला सर्वांत चांगला पोहणारा पुढे झाला. आम्ही चौघांनी त्याच्या कमरेला सोल बांधला, चांगली पक्की गाठ मारून. आपण शहाणपणा करतोय असंच वाटलं. मध्यावर गेल्यावर दोर ताणला गेला आणि तो सरळ पाण्याखाली गेला. आम्ही जितकं ओढावं तितका तो खाली. काठावरच्या एका म्हाताऱ्या आबांनी आरडून सांगितलं, "सोडा, दोर सोडा!" सोडला, म्हणून तो पुढच्या वळणावर बाहेर निघाला. शेतकरी पाणी उतरेपर्यंत झाडालाच धरून होता, तो वाचला. आमच्या मदतीमुळे नाही.

पुढे प्रशिक्षण घेतलं तेव्हा कळलं. वाहत्या पाण्यात माणसाला दोराने घट्ट बांधलं की पाण्याचा सगळा जोर त्याच्या अंगावर येतो आणि दोरच त्याला खाली दाबतो. म्हणून पहिला नियम: वाहत्या पाण्यात जाणाऱ्याच्या अंगाला गाठ मारायची नाही. आणि त्याच्याही आधीचा नियम: जाण्याची गरज पडणारच नाही असं काहीतरी करायचं. आधी काठावरून ओरडून त्याला धीर द्या, काय धरायचं ते सांगा. हाताशी बांबू असेल तर पुढे करा. बांबू पुरत नसेल तर दोर फेका. तरंगणारं काही फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, काहीही. पाण्यात उतरणं अगदी शेवटी, आणि तेही ज्याने प्रवाहातलं बचावकार्य शिकलंय त्यानेच. विहिरीत पोहणं वेगळं, पुरात पोहणं वेगळं. घोट्याच्या थोडं वर, पंधरा सेंटिमीटर खोल, पण वेगाने वाहणारं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. साठ सेंटिमीटरला चारचाकी वाहून जाते. "एवढंसं तर पाणी आहे" म्हणून मोटारसायकल घालणाऱ्याला अडवणं, हेही बचावकार्यच आहे.

तर दोर. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो. प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, तरंगतो. तो घ्या, बोटभर जाड, वीसेक मीटर. वेटोळं करून ठेवू नका, फेकताना गुंता होतो. पिशवीत वरून सैल भरत जा आणि दुसरं टोक हातात ठेवून पिशवीच फेका. ती त्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे पडली पाहिजे, म्हणजे दोर त्याच्या हातावर येतो. त्याने धरला की तुम्ही पाय रोवून खाली बसा. ओढाओढी करायची नाही. प्रवाहच त्याला झोक्यासारखा आपल्या काठाला आणून लावतो. आणि दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीही नाही. ज्यांना पोहता येत नाही त्यांना मी परत का जाऊ दिलं नाही, ते आता कळलं असेल. मला दोर धरणारे हवेत.

आपल्याकडचं पाणी दोन जातीचं आहे. तापीचं पाणी सांगून येतं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना निरोप मिळतो, हातात काही तास असतात. पण डोंगरातून येणाऱ्या लहान नद्या, नाले तेवढा वेळ देत नाहीत. 31 ऑगस्ट 2021 आठवा. चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या रात्रीतून घरांत, दुकानांत शिरल्या, गोठ्यात बांधलेली गुरं गेली, आणि त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आपल्या धुळ्यात आहे, ते चांगले तयार लोक आहेत. पण रस्ताच नसेल तर त्यांनी यावं कसं? "नदीले पूर उना" अशी हाक ऐकू येते त्या वेळी तिथं फक्त शेजारी असतो. देशपातळीवर हे ओळखूनच 2016 मध्ये आपदा मित्र योजना सुरू झाली, 30 पूरप्रवण जिल्ह्यांत 6,000 स्वयंसेवक, 12 दिवसांचं प्रशिक्षण. नंतर ती वाढवली. तुमच्यातल्या कुणाला पुढे जायचं असेल तर तहसील कार्यालयात विचारा.

बुडालेल्या माणसाबद्दल एक गोष्ट मला जीव तोडून सांगायची आहे. बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगू नका, खांद्यावर घेऊन पळू नका, पोट दाबून पाणी काढू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं फुप्फुसात जातं. त्याला हवा हवी आहे. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाब. 30 दाब, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, मग 2 श्वास. 108 ला दुसऱ्याने फोन लावायचा. हे उद्या पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करून घेणार आहोत.

मला वही लागते. प्रत्येक गल्लीची एक. धाब्याचं घर कुणाचं आहे, कारण झड लागली की मातीचं छत पाणी पितं आणि रात्री खाली बसतं. त्या घरात कोण कुठल्या कोपऱ्यात झोपतं. अंथरुणावरचे नाना कुठे, दिवस भरत आलेली बाई कुठे, शाळेची किल्ली कुणाकडे, ट्रॅक्टर कुणाचा चालू आहे. ढिगाऱ्यापुढे उभं राहिल्यावर "आजी चुलीजवळ झोपते" हे एक वाक्य जेसीबीपेक्षा जास्त कामाचं असतं. मातीच्या ढिगाऱ्यावर तर जेसीबी आधी चढवायचाच नाही, हाताने माती काढायची आणि मधेमधे सगळ्यांनी गप्प राहून कान द्यायचा. ही माहिती पुरुषांना नसते. आशाताईंना असते, घरोघरी उठबस असलेल्या बायांना असते. म्हणून मी बायकांसाठी वेगळी बैठक घेत नाही. त्या इथेच, पुढच्या रांगेत बसतील आणि वही त्यांच्या हातात राहील.

एप्रिल-मे महिन्यात हीच वही उन्हासाठी लागते. शेतात कुणी बरळायला लागला, अंग तापून निघालं, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता नऊ वाजलेत. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात आखणी करून ठेवली आहे. पंधरा मीटरवर माठ ठेवलेत, प्रत्येकाने वीस वेळा पिशवी फेकायची. आजपासून आठवडाभर रोज. संध्याकाळी घरी गेल्यावर आईला सांगा की या शिबिरात कुणी पाण्यात उतरवत नाही. तिला उद्या डबा देताना तेवढा घोर राहणार नाही.