मागचा जिना आणि मूत्रपिंडातलं मीठ

नमस्कार श्रोतेहो. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी 'पाण्याची गोळी' तुमच्या घरात कुणीतरी घेत असेलच. ही गोळी मूत्रपिंडातून आधी मीठ बाहेर घालवते आणि त्या मिठामागून पाणी जातं. मीठ पुढे, पाणी मागे. एवढं ध्यानात ठेवा आणि माझ्याबरोबर गिरगावात चला.

आमची चाळ तीन मजल्यांची, जिने लाकडी. पहाटे चारला नळ यायचा, तोही तळमजल्यावर, जेमतेम तासभर. पुढचा जिना इतका अरुंद की हंडा घेतलेल्या दोघांना एकमेकांना ओलांडता येत नसे. म्हणून शिस्त ठरलेली: भरलेले हंडे पुढच्या जिन्याने वर, रिकामे मागच्या जिन्याने खाली. पिंपात ओतायचं, मागून उतरायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं. हंडे मोजकेच, पण ते फिरते राहायचे म्हणून सगळ्यांची पिंपं भरायची.

एका मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर लग्न होतं. आदल्या रात्री मुलीला द्यायचं लोखंडी कपाट मागच्या जिन्याच्या वळणावर असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. हमाल म्हणाले, सकाळी बघू. पहाटे नळ आला. पहिली फेरी वर गेली आणि रिकामे हंडे वरच साचले. काहीजण पुढच्या जिन्याने उतरू लागले, तर समोरून चढणारे आले. कुणालाच हलता येईना. खाली नळ धो धो वाहत होता आणि पाणी सरळ मोरीतून गटारात. आजी कठड्यावरून ओरडत होती, "अरे, आधी रिकामे खाली जाऊ द्या रे, त्याशिवाय भरलेले वर कसे येणार!" तासाभराने नळ गेला. त्या दिवशी वऱ्हाडाच्या आंघोळी शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर झाल्या.

 

तर मूत्रपिंड. आपली दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं परत रक्तात येतं. गाळलेलं पाणी मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांतून जातं, आणि गाळलेल्या मिठापैकी साधारण चौथा हिस्सा नळीच्या एका चढत्या भागात परत घेतला जातो. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. तिथला वाहक, म्हणजे नळीतून मीठ उचलून आत घेणारं प्रथिन, एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकदमच उचलतो. नळीत सोडियम भरपूर, पोटॅशियम मोजकं. म्हणजे पोटॅशियम हे आपले हंडे. ते नळीत परत सोडणारं एक दार आहे, त्याला शास्त्रज्ञ रॉमके म्हणतात. त्याचं जनुक १९९३ मध्ये हाती लागलं. ते दार औषधाने बंद केलं, की कपाट अडकलंच म्हणून समजा. पोटॅशियम परतत नाही, वाहक थांबतो, मीठ नळीतच राहतं. शिवाय लघवी घट्ट करायला मूत्रपिंडाच्या आतल्या भागात जो खारेपणा लागतो, तोही याच मिठातून येतो. तो घटला की पाणी राखता येत नाही. मीठ पुढे, पाणी मागे.

लॅसिक्ससारखी नेहमीची पाण्याची गोळी थेट वाहकालाच अडवते. मग पुढच्या नळीत जास्त मीठ पोचतं आणि तिथे शरीर पोटॅशियम गमावतं. पायांत गोळे येतात, अशक्तपणा वाटतो. पण तिथून पोटॅशियम बाहेर जाण्याचं एक मोठं दारही रॉमकेच आहे. ते बंद असेल, तर मीठ जाईल आणि पोटॅशियम बरंचसं वाचेल, म्हणून संशोधक या औषधांच्या मागे आहेत. तुमच्या केमिस्टकडची नेहमीची पाण्याची गोळी मात्र ही नव्हे.

काही बाळांमध्ये हे दार जन्मतःच बिघडलेलं असतं. आईच्या पोटातच ती इतकी लघवी करतात की गर्भजल वाढतं, आणि जन्मल्यावर त्यांना मीठ-पाणी मोजून द्यावं लागतं.

तेव्हा पाण्याची गोळी चालू असेल आणि डॉक्टरांनी पोटॅशियमची रक्ततपासणी सांगितली असेल, तर ती या आठवड्यातच करून घ्या. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून रोज शहाळं सुरू करू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर ते रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. नमस्कार.