गल्ला पुढं, घर मागं

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढं 'चप्पल व्यवसायातील तिसरी पिढी' असं छापलंय. हिशेब दुकानापुरता बरोबर आहे. चामड्याचं काम मात्र आमच्या घरात त्याच्या कितीतरी आधीपासून. गावकीचं काम करणाऱ्या घराचं दुकानदाराचं घर कसं झालं, आणि त्या बदलात कुणाच्या वाट्याला काय आलं, एवढंच आज बोलणार आहे. कोल्हापुरी चप्पल किती टिकाऊ, किती देखणी, हे तुम्हाला माहीत आहे. नसेल तर उद्या दुकानात या.

दुकान म्हटलं की रोख पैसे आले. आमच्या पणजोबांच्या पिढीला हीच गोष्ट ठाऊक नव्हती. चर्मकार हा गावचा बलुतेदार. शेतकऱ्याची मोट, म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची पिशवी, शिवायची, आसुडाच्या वाद्या करायच्या, बैलांचे पट्टे, घरातल्या माणसांची पायताणं, सगळं वर्षभर करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. किती घ्यायचं ते रिवाज ठरवणार. पायताण चांगलं झालं म्हणून पायली वाढत नव्हती. या पद्धतीबद्दल 'गाव कसं एकमेकांना धरून होतं' असं हळवं होऊन बोलणारे पुष्कळ भेटतात. धान्य देणाऱ्याच्या ओसरीवर बसून ते तसं दिसतही असेल. खळ्याच्या कडेला उभं राहून दिसत नाही.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये बलुतेदारी बंद केली. महाराजांचं नाव निघालं की आपण 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा सांगतो, 1920 ची माणगाव परिषद सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. पण धंद्याच्या इतिहासात माझ्या लेखी 1918 चा निर्णय सगळ्यात मोठा. गावाची सक्ती सुटली. कारागिरानं काय बनवायचं, कुणाला विकायचं आणि केवढ्याला, हे तीनही प्रश्न पहिल्यांदा त्याचे स्वतःचे झाले. पुढं तेल इंजिनं आली, पंप आले आणि चामड्याची मोट हळूहळू संपली. म्हणजे एका बाजूनं मोकळीक मिळाली आणि दुसऱ्या बाजूनं जुनं काम गेलं. राहिलं ते पायताण.

इथं एक गोष्ट सांगतो, मग पुढं जातो. याच काळात गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्याले, सोबतच्यांनाही पाजला, तेव्हा कुठं ते हॉटेल उभं राहिलं. आता आमच्या धंद्याकडं बघा. आमच्या हातचं पाणी ज्या घरांना चालत नव्हतं, त्या घरांना आमच्या हातचं पायताण मात्र चालत होतं. विटाळ होता, पण तो पायापर्यंत पोचत नव्हता. त्यामुळं विकायला बसण्याची वाट आम्हाला थोडी लवकर सापडली. तरीही बाजारातली मोक्याची जागा आणि भांडवल बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाकडं असायचं. दुकानदार एक, बनवणारा दुसरा आणि कातडं कमावणारा तिसरा, अशी ही साखळी. कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाचं, चप्पल चर्मकाराची, गल्ला कुणाचा ते घरागणिक वेगळं. ज्या चर्मकार घरांना गल्ल्यामागं बसायला मिळालं, त्यांत आमचं एक. आमच्या हुशारीनं मिळालं असं म्हणणार नाही. कोपऱ्यावरची जागा भाड्यानं मिळाली, त्यानं झालं.

आता जोड कसा होतो ते थोडं सविस्तर, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. म्हशीचं कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमवायचं. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगतात, आत साल आणि हिरडा भरतात, वरून पाणी ओतत राहतात. कातडं ते पाणी पीत जातं. त्याला दिवस लागतात, घाई केली की मधला थर कच्चा राहतो. आमच्याकडं माल आला की वडील काठाला रापीनं बारीक काप देऊन रंग बघायचे. आतपर्यंत एकसारखा तांबूस असेल तरच पैसे मोजायचे. मध्ये फिकट रेघ दिसली की कातडं परत. त्या रेघेवरून झालेली भांडणं मी लहानपणी गल्ल्याखाली बसून ऐकली आहेत. शिव्यांचं शिक्षण तिथंच झालं.

पुढं तळ कापायचा, थर चिकटवायचे, चामड्याच्याच वादीनं शिवायचे. अस्सल जोडात खिळा नसतो. टाच, तळ, कान, पट्टा, अंगठा. मग पट्ट्यावरची वेणी, ती शेळीच्या पातळ चामड्याची, आणि गोंडा. करकर वाजणारी हवी असेल तर तळाच्या दोन थरांत तशी सोय करायची. कापशी, कुरुंदवाडी अशी गावांची नावं लागलेले प्रकार, बक्कलनाळी, पुकरी, मोरकी. गिऱ्हाईक बोट दाखवतो, आम्ही नाव सांगतो.

यातली वेणी आणि नक्षी घरातल्या बायका करतात. तळ आणि शिलाई पुरुषांची, बारीक काम बायकांचं, हे जवळजवळ प्रत्येक कारागीर घरात ठरलेलं आहे. आणि गिऱ्हाईक जोड हातात घेतो तेव्हा पहिल्यांदा बघतो वेणी! भाव त्या वेणीवर ठरतो. माझ्याकडं आजोबांच्या वेळच्या काही वह्या आहेत. त्यांत कातड्याची किंमत आहे, वाहतूक आहे, दिवाळीची बक्षिसी आहे, पोलिसाला पाजलेल्या चहाची नोंदसुद्धा आहे. वेणीची मजुरी एकाही पानावर नाही. जोडाचे पैसे कारागिराच्या नावावर, त्यात बायकोचं, सुनेचं, शाळेतून आलेल्या पोरीचं काम धरलेलं. आमच्या घरातही आजीनं आयुष्यभर वेण्या घातल्या. तिचं खातं कधी उघडलं नाही. 'कुटुंबाचा धंदा' या शब्दावर आज बँकांपासून मासिकांपर्यंत सगळे खूश असतात. माझा अनुभव विचाराल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या बऱ्याच दुकानांचं गुपित हेच आहे: घरात न धरलेली मजुरी.

दुसरं गुपित पावसाळ्याचं. जूनपासून पुढं चार महिने चामडं वाळत नाही, बुरशी धरते, काम बसतं. गिऱ्हाईकही चामड्याची चप्पल चिखलात घालायला घेत नाही. दुकानात माशा मारायच्या. पण कारागिराच्या घरी चूल तर रोज पेटायला हवी. मग तो दुकानी येतो आणि उचल घेतो. ही उचल दसरा-दिवाळीत आणि पुढच्या लग्नसराईत जोड देऊन फेडायची. फिटते का? क्वचित. थोडी फिटते, पुन्हा आषाढ येतो. उचल अंगावर असलेला माणूस दुसऱ्या दुकानाला माल देऊ शकत नाही आणि भावावरून ताणूही शकत नाही. आमच्या आजोबांना माणसं 'अडीअडचणीला उभा राहणारा शेठ' म्हणायची. ते खोटं नव्हतं. आजारपणात, लग्नात त्यांनी पैसे दिले, कागद न करता दिले. पण त्याच पैशानं त्यांना वर्षभराचा माल ठरल्या भावात मिळत होता, हेही तितकंच खरं. ज्या रिवाजातून 1918 मध्ये सुटलो, त्याची धाकटी आवृत्ती आम्ही आमच्याच माणसांसाठी गल्ल्यावर लिहून ठेवली. हे बोललो की लाईनीतले, म्हणजे आमच्या चप्पल दुकानांच्या ओळीतले, काही जण माझ्यावर चिडतात. चिडू देत.

मधली काही वर्षं पटकन सांगतो. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी हिप्पी मंडळींनी कोल्हापुरी उचलली, निर्यात वाढली. 1974 मध्ये राज्याचं चर्मोद्योग महामंडळ निघालं, आज ते संत रोहिदासांच्या नावानं ओळखलं जातं. मग रबर आलं, रेक्झिन आलं, 'कोल्हापुरी' नावाची प्लॅस्टिकची पट्टी रस्त्यावर विकायला लागली.

2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंपर्यंत वाढला. म्हशीच्या कातड्याला त्यात बंदी नाही. पण गाडी अडवणारा रस्त्यावर कातडं ओळखत बसत नाही. वाहतूकदार घाबरले, माल आटला, भाव चढले. तामिळनाडूकडचं चामडं जास्त यायला लागलं. लहान कारागीर आधी गळाले, कारण चढ्या भावाचं कातडं घ्यायला त्यांना आणखी उचल लागणार होती आणि दुकानांचीच ऐपत संपत आली होती. वर 2022 च्या जानेवारीपासून हजाराच्या आतल्या पादत्राणांवरचा जीएसटी 5 चा 12 टक्के झाला. 2025 च्या सप्टेंबरात तो अडीच हजारांपर्यंतच्या मालावर पुन्हा 5 वर आला, तोवर आमच्या लाईनीत कपाळावर आठ्या कायमच्या पडल्या होत्या.

2019 मध्ये भौगोलिक मानांकनाची बातमी आली, म्हणजे 'कोल्हापुरी' हे नाव ठरावीक जिल्ह्यांतल्या मालालाच. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. 'कोल्हापुरी कोल्हापूरचीच' म्हणणाऱ्यांना कर्नाटकाचं नाव खटकलं. मला नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा माल आमच्या दुकानात आजोबांपासून येतोय, आणि वेणी अथणीची की कोल्हापूरची हे छातीठोकपणे सांगणारे लाईनीत दोनचारच निघतील.

आणि मग 2025 चा जून. मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोत आपल्याच घाटाच्या चपला, कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं पत्र लिहिलं, गवगवा झाला, कंपनीनं मूळ मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याची बातमी आली: 2,000 जोड, एकेकाची किंमत 800 युरोच्या आसपास. त्या दिवशी लाईनीत पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पण आमच्या घरातल्या एका बाईनं, नाव सांगत नाही, वेणी घालता घालता मान वर न करता विचारलं, "पैसं पावसाच्या आधी देणार का नंतर?"

ऑर्डर कुणाचीही येवो, आता हेच विचारायचं. आगाऊ किती, कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या खात्यावर. गेल्या वर्षापासून आमच्या बिलात वेणीची मजुरी वेगळ्या ओळीत लिहितो आणि ती जिची तिच्या खात्यावर टाकतो. जोडामागं खर्च वाढला, नफा उतरला. भाऊ माझ्याशी अजून धड बोलत नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. प्रश्न असतील तर खाली उतरून बोलू. आणि पुढच्या रांगेत ज्यांच्या चपला येताना भिजल्यात, त्यांनी त्या हीटरजवळ ठेवू नका, सावलीत वाळवा आणि मग तेलाचा हात फिरवा.