परवाना नव्हे, दाखला

श्रोतेहो, नमस्कार.

सासष्टीतलं एक जोडपं डोळ्यांपुढे आणा. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवाला, बायको भारतीय पासपोर्टवाली, आणि दोघांना कामासाठी जर्मनीला जायचंय. गोव्यात हे काही नवं नाही. 19 डिसेंबर 1961पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. भारतीय नागरिकत्व मात्र त्यासरशी जातं.

नवऱ्याचं काम सोपं आहे. पोर्तुगाल युरोपीय संघात आहे, आणि संघाच्या 2004 सालच्या निर्देशानुसार, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेल्या नियमानुसार, दुसऱ्या सदस्य देशात पहिले तीन महिने नुसत्या पासपोर्टवर राहता येतं. पुढे नोकरी किंवा धंदा असला की झालं. वर्क परमिट लागतच नाही. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र न्यायचं. पुष्कळ जण अडतात ते या पत्रापाशी.

बायकोचा हक्क नवऱ्याच्या हक्कातून येतो. इथेच लोक भलतं दार ठोठावतात. तिच्यासाठी नोकरीचं पत्र शोधतात, पगाराची अट भरतेय का ते बघत बसतात आणि वर्क व्हिसाचा अर्ज करतात. काही गरज नाही. तिने नवऱ्यासोबत किंवा त्याच्यामागोमाग जायचं, एवढंच. प्रवेशाचा व्हिसा लागतो, पण त्याला फी नाही. शेंगेन व्हिसाचा फॉर्म नीट पाहा: काही रकान्यांपुढे छोटा तारा छापलेला असतो. नोकरी काय, खर्च कोण करणार, असे ते रकाने. या जोडीदारांनी ते कोरे सोडायचे. सोबत लग्नाचा दाखला, आणि गरज पडली तर अधिकृत अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. लग्नानंतर बदललेलं आडनाव इथे हमखास घात करतं, म्हणून ती दुरुस्ती गोव्यातून निघायच्या आधी करून घ्या.

तिथे पोचल्यावर परकी नागरिकांच्या कार्यालयात वास्तव्याच्या कार्डासाठी अर्ज करायचा. अर्ज दिल्याची पावती तिथल्या तिथे मिळाली पाहिजे, आणि कार्ड सहा महिन्यांच्या आत. ते साधारण पाच वर्षांचं असतं. हे कार्ड हक्क देत नाही, असलेला हक्क दाखवतं. म्हणून कार्ड हातात येण्याआधीही तिला काम करता येतं. पण नोकरी देणारा कागद बघितल्याशिवाय ऐकत नाही. पावती जपून ठेवा.

आता अट. नवरा आपल्या नागरिकत्वाच्या देशाबाहेर, दुसऱ्या सदस्य देशात गेलेला असला पाहिजे. दोघं लिस्बनलाच राहिली तर हा निर्देश लागू नाही. तिथे पोर्तुगालचा स्वतःचा कायदा चालतो. दुसऱ्या देशात खरोखर नोकरी करून मायदेशी परतलेल्यांना मात्र सोबतच्या जोडीदाराचा हक्क टिकवता येतो. 1992 साली युरोपीय न्यायालयाने हे ठरवलं ते सुरिंदर सिंग या भारतीय नवऱ्याच्या खटल्यात. संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनचं दार मात्र 31 डिसेंबर 2020ला बंद झालं. नव्याने जाणाऱ्याला तिथे पोर्तुगीज पासपोर्टचा हा उपयोग उरलेला नाही.

आणि नवऱ्याची नोकरी गेली तर? बायकोचा हक्क त्याच्या दोरीला बांधलेला, त्यामुळे हा प्रश्न दोघांचा. वर्षाहून जास्त काम झालं असेल आणि नोकरी मालकाने काढली असेल, तर त्याने रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं. कामगार म्हणून त्याचा दर्जा टिकतो. वर्ष भरलं नसेल तर किमान सहा महिने टिकतो. रागाच्या भरात स्वतः राजीनामा दिला तर हे संरक्षण मागणं कठीण. घरी बसून चार ठिकाणी अर्ज टाकणं म्हणजे नाव नोंदवणं नव्हे. लोक नेमकं तिथेच चुकतात.

सलग पाच वर्षं झाली की कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. मध्ये वर्षाकाठी सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तरी चालतं. बाळंतपणासाठी माहेरी यायचं असेल तर एकदा सलग बारा महिन्यांपर्यंतची मुभा आहे. डॉक्टरांचं पत्र, विमानाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के एका फाइलीत ठेवा. पाच वर्षांनी हिशेब त्यावरून होतो.