तरंगणारा गोल्डफिश: वाटाण्याआधी पाणी

(दृश्य: फोंड्यातल्या एका घराचा हॉल. काचेच्या टाकीत गुबगुबीत ओरंडा जातीचा गोल्डफिश. शेपूट वर, डोके खाली.)

हा ओरंडा खाली जायची धडपड करतो, पण पर थांबले की बुचासारखा वर येतो. डोळे स्वच्छ आहेत, खवले अंगाला चिकटून आहेत, खाणे दिसले की तो झेप घेतो. असा मासा बहुतेक वेळा सावरतो. औषधाच्या बाटल्या मात्र आत्ता बाजूलाच राहू द्या.

(दृश्य: माशाचे रेखाचित्र. मणक्याखाली दोन कप्पे.)

मणक्याखाली दिसणारे हे दोन कप्पे म्हणजे वाताशय. यातला वायू कमी-जास्त करून मासा हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. गोल्डफिशचे वाताशय एका बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेले असते, त्यामुळे वर येऊन गिळलेली हवा आत पोचू शकते. त्याला जठर नसते, खाल्लेले थेट आतड्यात उतरते. ओरंडा, रांचू, र्‍युकिन, पर्लस्केल या जातींचे अंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड आणि गोल केले आहे. तेवढ्याशा जागेत आतडे फुगले की वाताशय दाबले जाते आणि तोल जातो. लांबट अंगाच्या साध्या गोल्डफिशमध्ये हा त्रास कमी दिसतो.

थंड प्रदेशांत लिहिलेल्या पुस्तकांत पहिला सल्ला असतो पाणी कोमट करण्याचा. तिथे तो योग्यच आहे, कारण गार पाण्यात पचन मंदावते. पण एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्या टाकीचे पाणी सहज 30 अंशांवर जाते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसातच. मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो आणि त्यात हवाही गिळतो. इथे हीटर लावणे म्हणजे त्रासात भर. एअर पंप वाढवा, टाकीचे झाकण काढून जाळी ठेवा, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्या. पावसाळ्यात वीज गेली की फिल्टर थांबतो आणि रात्रीतून हेच घडते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

(दृश्य: तपासणी संचाच्या काचेच्या नळ्या, रंगांचा तक्ता.)

आता पाणी तपासा. माशाच्या घाणीतून येणारा अमोनिया शून्य, त्यापासून बनणारा नायट्राइट शून्य, शेवटी उरणारे नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरला 40 मिलिग्रॅमच्या) खाली, पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, 7 ते 8. अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर त्याच दिवशी निम्मे पाणी बदला. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पणजी-फोंड्याला येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. बाटलीवरच्या मात्रेने अँटी-क्लोरीन घालूनच ते वापरा.

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ आणि आम्लधर्मी असते. त्यात क्षार कमी, म्हणून टाकीचा पीएच हळूहळू घसरत जातो. तो साडेसहाच्या खाली गेला की फिल्टरमधले अमोनिया संपवणारे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. आम्ल पाण्यात या अमोनियाचा जाच कमी असतो, त्यामुळे मासा वरवर ठीक दिसतो. मग कुणी एकदम नळाचे भरपूर पाणी ओतते, पीएच चढतो, आणि साचलेला सगळा अमोनिया विषारी रूपात येतो. अशा टाकीत पाणी थोडे थोडे बदला, रोज दहा-पंधरा टक्के. तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या आपल्याकडे रोज कचऱ्यात जातात. त्या उकळून, घासून, मांसाचा कण न ठेवता वाळवा, ठेचून जाळीच्या पिशवीत भरा आणि फिल्टरमध्ये ठेवा. 100 लिटरला दोन मुठी. त्यांतला चुना सावकाश विरघळतो आणि पीएच सांभाळतो.

पाणी सुधारले, तरी मासा तरंगतोच आहे? मग दोन ते तीन दिवस उपास. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण एकाचा उपास दुसरा मोडतो. चौथ्या दिवशी वाटाणा: ओला किंवा फ्रोझन, मीठ न घालता दोन-तीन मिनिटे उकळा, साल काढा, माशाच्या तोंडात मावतील असे तुकडे करा. एका माशाला एक दाणा पुरे. वाटाण्यात जादू नाही. तो बुडतो, मऊ असतो, आणि त्यात तंतू असतात, इतकेच.

कायमचा बदल करायचा तो कोरड्या, तरंगणाऱ्या दाण्यांत. बुडणारे दाणे आणा, ते दहा मिनिटे भिजवा, आणि दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. त्याहून चांगले घरचे जिलेटिन खाद्य. उकडलेला पालक आणि सोललेली सुंगटे (कोळंबी) मिळून 100 ग्रॅम मिक्सरमध्ये बारीक करा. 100 मिलिलिटर गरम पाण्यात 10 ग्रॅम बिनचवीचे जिलेटिन विरघळवून त्यात मिसळा, ताटलीत थापून थंड करा. बारीक चौकोनी तुकडे फ्रीझरमध्ये ठेवा.

(दृश्य: पसरट टब, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन, 15 ते 20 सेंटिमीटर पाणी.)

त्रास जास्त असेल तर मासा अशा उथळ टबात ठेवा. वर-खाली जायला कष्ट कमी पडतात. पोट फुगलेले असेल तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मेडिकलमध्ये मिळते. वेगळ्या बादलीत टाकीच्याच तापमानाचे 10 लिटर पाणी घ्या, त्यात 10 ग्रॅम पूर्ण विरघळवा, आणि मासा 10 ते 15 मिनिटे ठेवा. तो आडवा पडला तर लगेच बाहेर काढा. स्वयंपाकाचे मीठ याच्या जागी चालत नाही, ते वेगळे रसायन आहे.

पाण्याबाहेर राहिलेली कातडी वाळते, लाल होते, तिथे जखम होते. सिलिकॉनच्या नळीचे पट्टे बांधून मासा खाली ओढायची कल्पना व्हिडिओत छान दिसते, पण ते पट्टे अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात. तो शेवटचा उपाय समजा, तोही रोज कातडी पाहून. सुईने हवा काढायचा प्रयत्न घरी कधीही करू नका.

काही मासे उलट तळाला पडून राहतात. त्यांच्या वाताशयात संसर्ग किंवा द्रव असू शकतो. तळातले टोकदार खडे काढा, खाणे तोंडाजवळ सोडा, आणि माशांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधा. एक्स-रेमध्ये वायू कुठे आहे, किती आहे, हे स्पष्ट दिसते. आणि खवले उभे राहून वरून अंग काटेरी दिसत असेल, तर बद्धकोष्ठ समजून दिवस घालवू नका. शरीरात पाणी साठल्याची ती खूण आहे, बहुधा मूत्रपिंड बिघडलेले असते.

जन्मतःच वाताशय वाकडे असलेला मासा पूर्ण सरळ होणार नाही. तरीही उथळ, स्वच्छ पाण्यात आणि हाताने भरवून तो वर्षानुवर्षे जगू शकतो.

(दृश्य: भाद्रपद. बॅगा भरलेल्या, दाराला कुलूप.)

चवथीला मूळ घरी जाताना टाकीत सुट्टीचे खाद्य टाकू नका, शेजाऱ्यांच्या हातात डबाही देऊ नका. तब्येतीने बऱ्या मोठ्या माशाला चार-पाच दिवस काही न मिळाले तरी चालते. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, फिल्टर सुरू आहे ना पाहा. किल्ली ज्यांच्याकडे देता त्यांना एवढेच सांगा: वीज गेली तर बॅटरीचा पंप लावा.