मी तर आधीपासूनच पॉझिटिव्ह

(अंगण, सकाळ. शिलाई मशीन, बाजूला पाण्याची बाटली.)

सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा. मी म्हणते अहो मी आठ वर्षांची होते तेव्हापासून पॉझिटिव्ह आहे, सिकलसेलच्या सोल्युबिलिटी टेस्टचा रिपोर्ट आहे घरी, पाहता का? मग समोरचा गप्प होतो अन् आई माझ्यावर डोळे वटारते.

तर ही मी. सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई अन् बाबा दोघांकडून आलेला, म्हणून लाल कार्ड. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, वडशापासून तासाभरावर. कॅमेरा लहान भावाच्या हातात आहे, हलला तर समजून घ्या. तो एएस, एकाकडूनच आलेला, पिवळं कार्ड, म्हणजे त्रास काही नाही पण रक्तात आहे. आई-बाबा दोघंही एएस, दोघांनाही पत्ता नव्हता, अन् अशा जोडप्याच्या प्रत्येक लेकराला एसएस व्हायचा चान्स चारात एक. भावाला सांगून ठेवलंय, पोरगी पाहायला गेलास तर पोह्याची प्लेट उचलायच्या आधी आपलं कार्ड दाखव अन् तिचं पाहा.

(विळा जवळून. मागे धानाची बांधी.)

सिकल म्हणजे विळा, आमच्याकडं इळा म्हणतात. चांगली लाल पेशी गोल अन् मऊ असते, बारीक नसेतूनही वाकून निघून जाते. माझी ऑक्सिजन सोडला की इळ्यासारखी वाकडी अन् कडक होते, मग अडकते, अन् जिथं अडकली तिथं हाडात कुणी खिळा ठोकल्यासारखं दुखतं. चांगली पेशी 120 दिवस जगते, माझी 10 ते 20, म्हणून रक्त नेहमी कमी अन् डोळे पिवळट. 1910 साली शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरनं अशा पेशी मायक्रोस्कोपखाली पाहून लिहून ठेवलं होतं. मला मात्र एका डॉक्टरनं तीन वर्षं वाताच्या गोळ्या चारल्या, मोठ्या मायनं नजर उतरवली, लिंबं किती गेली त्याचा हिशोब नाही. शेवटी शाळेतल्या कॅम्पमध्ये रक्त घेतलं, मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिन कोणतं ते सांगणारी तपासणी झाली, तेव्हा कुठं नाव कळलं दुखण्याचं.

(बाटली जवळून.)

ही माझी बाटली, दोन लिटरची, कोल्ड्रिंकची. मार्करनं रेषा मारल्यात, सकाळचे सात, दहा, एक, चार. चारच्या रेषेखाली पाणी गेलं नसेल तर आई लांबूनच ओरडते, "पोट्टे, पाणी काऊन नाई पेली?" शरीरात पाणी कमी पडलं की पेशी लवकर वाकतात, म्हणून आमच्या 45 डिग्रीच्या उन्हाळ्यात ही बाटली म्हणजे अर्धं औषध. उरलेलं अर्धं रोज फॉलिक ॲसिड अन् हायड्रॉक्सीयुरिया. त्यानं आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं अन् दुखणं कमी वेळा येतं, पण मधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं.

रोवण्याला, म्हणजे धान लावायला, मी जात नाही. आधी लाज वाटायची, साऱ्या बाया चिखलात वाकून पऱ्हे लावून रायल्या अन् मी धुऱ्यावर बसलेली. एक वर्ष हट्टानं उतरले, दिवसभर पावसात भिजले, अन् रात्री दोन वाजता बाबा मोटरसायकलवर मला मधात बसवून दवाखान्यात घेऊन गेले. रात्री दोनला कुणी पॉझिटिव्ह नसतं हो, मी तर देवाला अन् डॉक्टरला सारख्याच शिव्या दिल्या. तेव्हापासून रोवण्याच्या दिवसात मी बायांचे ब्लाऊज शिवते, कारण लगेच पुढं सण येतात अन् सगळ्यांना घाई असते.

बारीक दुखलं तर गरम मिठाची पुरचुंडी, पाणी, आराम. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र पुरचुंडी ठेवायची अन् निघायचं, त्यात चर्चा नाही.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालं, 2047 चं टार्गेट आहे. तोवर मी पन्नाशीला टेकेन. सध्या फॉलिकची पट्टी संपत आलीय, आशाताईला फोन करायचाय.

(रात्र. मंडप, लाइट, माणसांची गर्दी.)

अन् हे झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडचं नाटक. दिवाळीनंतर कंपन्या वडशाहून गावोगाव निघतात, रात्रभर खेळ चालतो, थंडी अशी की दात वाजतात, अन् थंडी म्हणजे माझी वैरीण. तरी मी जाते, नाटक सोडायचं म्हणजे काय! दोन स्वेटर, कानटोपी, डबल मोजे, थर्मासमध्ये गरम पाणी, भाऊ म्हणतो तू नाटक पाहायला चालली का हिमालयात.

यंदा तिसऱ्या अंकात गुडघा बोलायला लागला. मी भावाला नुसतं पाहिलं, त्यानं गाडी काढली, वादावादी नाही. शेवटचा अंक सुटला. सकाळी चहा घेता घेता आईनं सांगितला, अन् मला खात्री आहे, अर्धा तिनं मनानंच रचला.