एकाच मांडीला दोन हुकूम

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे १६०० मीटर धावतात आणि घाम निथळत असतानाच गोळाफेकीसाठी वजनं उचलायला लागतात. बाहेरून दोन्ही व्यायामच. पण मांडीतल्या पेशीला ते दोन वेगळे हुकूम असतात.

आधी वजनाचं पाहू. स्नायूतंतू ही एकच पेशी, केसाइतकी बारीक, कित्येक सेंटिमीटर लांब आणि शेकडो केंद्रकं असलेली. तिच्यावर ताण आला की एमटॉर हे प्रथिनांचं संकुल जागं होतं, अ‍ॅक्टिन-मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढते आणि तंतू जाड होतो. तंतूंची संख्या मात्र जवळपास तेवढीच राहते. ही निर्मिती २४ ते ४८ तास चढी असते, त्यामुळे रोज तोच स्नायू पिळून जास्तीचं काही पदरात पडत नाही. तंतू बराच जाड झाला की कडेच्या सॅटेलाइट पेशी विभागून त्याला नवी केंद्रकं पुरवतात. या पेशी संशोधक अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत दाखवल्या.

पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मात्र मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई. दंडाचा घेर तेवढाच दिसतो म्हणून लोक जिम सोडतात ते नेमके याच टप्प्यावर!

धावताना तंतू पुन्हा पुन्हा आकुंचन पावतो, ऊर्जा घटते, एएमपीके हे ऊर्जेची घट ओळखणारं विकर सक्रिय होतं आणि तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, वाढू लागतात. १९६७ मध्ये संशोधक जॉन होलोझी यांनी उंदरांना १२ आठवडे पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. तंतूभोवती केशवाहिन्याही वाढतात.

दोन्ही एकत्र केलं तर? संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या १० आठवड्यांच्या प्रयोगात ताकद सातएक आठवडे वाढली, मग अडली आणि शेवटी घसरली. दम मात्र वाढत राहिला. अर्थात तिथे मेहनत अतोनात होती: आठवड्यात ५ दिवस वजनं, ६ दिवस दमाचा व्यायाम. तेव्हा घाबरू नका, पण पायांची वजनं आणि लांब धाव यांत निदान ६ तास ठेवा. ते जमत नसेल आणि ताकद हवी असेल, तर वजनं आधी.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ९६. दोन अंड्यांतून साधारण १२ मिळतात. वाटीभर वरणातून त्याच्या निम्मीच.

आता दुखण्याविषयी. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देऊ नका, ते तासाभरात ओसरतं. बैठकेत खाली जाताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तेव्हा तंतूंच्या रचनेला बारीक इजा होते आणि मागाहून सूज येते. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या तर तंतू फुटून मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर घाला घालतं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर शेक-मालीश करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.