हॅवलॉकला गोल चक्कर मारता येत नाही, आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! अंदमानच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त काय विचारलं जातं, सांगू? खाण्यापिण्याचं नाही, स्कूबाचं नाही. "ताई, स्कूटर घेऊन एका दिवसात हॅवलॉकला पूर्ण राउंड मारायचाय, रूट टाका ना." दर आठवड्याला कोणीतरी असतंच. एकाने तर मला नकाशावर लाल गोल काढून पाठवला होता, किनाऱ्याकिनाऱ्याने, अगदी सुबक. तो रस्ता अस्तित्वातच नाही हो! म्हणून आजचा व्हिडिओ.

सुरुवातीचं पटापट उरकते. हॅवलॉक हे अंदमानातलं बेट, तिथे पोर्ट ब्लेअरहून बोट. खासगी बोटी साधारण दीड तासात पोचवतात, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो. सीझनमध्ये तिकीट आधी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा. भारतीयांना इथे वेगळा परवाना लागत नाही. उतरल्यावर रिक्षा मिळते, स्कूटर भाड्याने मिळते, लायसन्स हवंच. झालं.

नावांचं एक. 2018 च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. काही शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. बोलताना लोक सर्रास हॅवलॉक म्हणतात, म्हणून मीही म्हणतेय. यावरून खाली भांडणं नकोत, मागच्या वेळी दोघंजण माझ्या व्हिडिओखाली रात्रभर भांडत होते आणि दोघांपैकी कोणी अंदमानला गेलेलंच नव्हतं. शिवाय तिथे किनाऱ्यांना नंबर आहेत. गोविंदनगर म्हणजे तीन नंबर, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर. रिक्षावाल्याला नंबर सांगितलात की काम झालं.

आता मुद्द्यावर येते. लहानपणी बेचकी बघितली असेल ना, चिंचा पाडायची? हॅवलॉकचा रस्ता तसा आहे. मूठ म्हणजे धक्का. धक्क्यावरून एकच रस्ता निघतो, दोनेक किलोमीटरवर तीन नंबरचा बाजार लागतो, आणि तिथे दोन फाटे फुटतात. उजवीकडचा जंगलातून पश्चिमेला राधानगरला जातो. दुसरा पूर्वेच्या किनाऱ्याने विजयनगरवरून कालापत्थरच्या किनाऱ्याला. दोन्ही टोकं मोकळी, एकमेकांना कुठेही मिळत नाहीत. मध्ये डोंगर आहे आणि दाट जंगल आहे. गावात शिरणारे बारके फाटे दिसतील, ते धरून पलीकडे जाऊ, असलं काही डोक्यात आणू नका.

म्हणजे कालापत्थर बघून राधानगरला जायचं असेल तर आल्या वाटेने परत बाजारात यायचं आणि मग उजवा फाटा धरायचा. नकाशावर बोटभर अंतर दिसतं, स्कूटरवर वीसेक किलोमीटर होतात. "पण ताई, अ‍ॅपवर तर जवळ दिसतंय." दिसणारच! अ‍ॅपवर तुम्ही दोन ठिपके बघता, मधला डोंगर नाही बघत.

हेच आता घड्याळाच्या बाजूने सांगते, कारण लोकांचं खरं बिनसतं ते इथे. घड्याळ आपलंच आहे, पण बेट पार पूर्वेला. मुंबईत डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हॅवलॉकला पाचलाच. जूनमध्येसुद्धा पावणेसहाच्या आसपास खेळ खल्लास. आणि सूर्यास्त बघायचा तो राधानगरलाच, कारण तो किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आता बेत बघा आपल्या मंडळींचा: सकाळी आरामात उठायचं, नाश्ता, मग कालापत्थर, तिथे फोटो, जेवण, "चार-साडेचारला निघू राधानगरला". अहो, तुम्ही बाजारात पोचेपर्यंत तिकडे आकाश लाल झालेलं असतं! हिवाळ्यात तीनच्या पुढे पूर्वेच्या फाट्यावर थांबूच नका. सूर्योदय मात्र तिकडेच बघायचा, साडेपाचला, विजयनगर किंवा कालापत्थर. झेपत असेल तर.

आणि परतीचं काय? राधानगरला सूर्य बुडाला की पाच मिनिटांत सगळा किनारा उठतो. पार्किंगमध्ये एकदम शंभर हेडलाइट, हॉर्न, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली मुलं. मागे एकदा तिथे एक नवराबायको मला भेटले, पुण्याचेच निघाले. फोन हवेत धरून रेंज शोधत होते. मला म्हणाले, "इथून डावीकडे वळलं की कालापत्थर ना? आमचं हॉटेल तिकडे आहे." मी म्हटलं, डावीकडे समुद्र आहे. त्यांना बाजारापर्यंत माझ्या मागे आणलं. मधला पट्टा जंगलाचा, वळणं, चढ-उतार, अंधार मिट्ट. तेव्हा रिक्षाने जाणार असाल तर परतीचं जातानाच ठरवा. सरकारी बस आहे, पण फेऱ्या मोजक्या. शेवटची कधी सुटते ते बाजारात विचारून घ्या, आणि ड्रायव्हरलाच विचारा, पाटीवर विसंबू नका.

तिसरी बाजू हॉटेलची. "हॉटेल कुठे घेऊ?" याचं उत्तर पण बेचकीतच आहे. राहण्याच्या जागा जास्त करून पूर्वेच्या फाट्यावर आहेत, तीन ते पाच नंबरच्या पट्ट्यात. बाजारापासून जितके लांब जाल तितकं रोज दोनदा जास्त अंतर कापायचं, कारण कुठेही जायचं म्हटलं की बाजारावरूनच जायचं. राधानगरला राहिलात तर किनारा पायाखाली, पण जेवणापासून औषधापर्यंत सगळं जंगलापलीकडे. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने बाजाराच्या जवळ राहावं. खाली कोणीतरी लिहीलच की बाजारात शांतता मिळत नाही. नाही मिळत, बरोबर आहे. रात्री आठला पोटदुखीची गोळी मिळते.

नेटवर्क. 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाली, ती स्वराज द्वीपपर्यंत येते, त्यामुळे "अंदमानला नेटच नाही" हे आता जुनं झालं. पण जंगलात आणि टोकाच्या किनाऱ्यांवर रेंजचा भरवसा नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. एकच चौक आहे म्हणा, पाठ केलात तरी चालेल.

एलिफंट बीच राहिला. तिथे रस्ता जात नाही. एक तर धक्क्यावरून बोट, नाहीतर राधानगरच्या वाटेवर एका ठिकाणाहून जंगलातली पायवाट. पायवाट चालू आहे का, वाटाड्या घ्यावा लागतो का, ते तिथल्या वनखात्याच्या लोकांना विचारूनच निघा. आणि भरती-ओहोटीची वेळ बघा. शेवटचा टप्पा दलदलीचा आहे आणि भरतीला तिथला किनारा पार आक्रसतो. वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, तेव्हा मैत्रिणीने गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ तुमच्या कामाची नाही. विजयनगरलाही ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायला आलेली माणसं नुसते दगड बघत बसतात. चिडून मला कमेंट करतात, "तुमच्या व्हिडिओत पाणी होतं." होतं हो, भरती होती!

चेष्टा बाजूला ठेवून एक सांगते. पाट्या वाचा. 2010 मध्ये राधानगरच्या बाजूलाच नील्स कोव्हला मगरीने एका अमेरिकन तरुणीचा जीव घेतला. पोहू नका लिहिलेलं असेल तिथे पोहायचं नाही, "सगळे उतरलेत" म्हणूनही नाही.

सायकलबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. पूर्वेचा फाटा बराचसा सपाट आहे, सावली आहे, खुशाल चालवा. राधानगरच्या बाजूला चढ आहेत, तिथे दुपारच्या उन्हात दमट हवेत सायकल ढकलणाऱ्यांचे चेहरे मी बघितलेत. ज्यांना सायकलच हवी आहे त्यांनी शहीद द्वीपला जावं, म्हणजे पूर्वीचं नील. लहान आहे, बरंचसं सपाट आहे. आणि हो, तिथलाही रूट टाका म्हणून आत्ताच लिहू नका, एडिट चालू आहे.